टीव्हीवर फोटो झकास, अल्बममध्ये काळा: टीव्हीला मॉनिटर केलाय तर आधी हे तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याबी छोट्या स्टुडिओत जावा, एडिटिंगच्या टेबलावर मॉनिटरच्या जागी टीव्ही बसलेला असतोय. कारण सरळ आहे, बरा मोठा मॉनिटर घ्यायला जातंय तेवढ्याच पैशात ४३ इंची टीव्ही येतोय, वर गिऱ्हाईकाला सोफ्यावर बसवून अल्बमचं डिझाइन दाखवता येतंय. त्यात चूक काहीच नाही. हे सिस्टिम जोडून द्यायचं आणि बिघडलं की जाऊन बघायचं हे माझं काम, आणि दर लग्नसराईत फोन येतोय तो त्याच बिघाडाचा, नुस्तं गाव बदलतंय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं. ह्यातलं एखादं नाहीतर तीन-चार एकदम असत्यात:

- टीव्हीवर फोटो झकास, लॅबमधून अल्बम आला की सगळं काळपट. सगळ्यात जास्त तक्रार हीच.
- हळदीच्या फोटोत पिवळा नुस्ता भडक, नवरीच्या गालावरची हळद कुठं संपली आणि मागचा झेंडू कुठं चालू झाला कळत नाही.
- काळा काळा दिसतच नाही, राखाडी दिसतोय. किंवा उलटं, नवरदेवाचा काळा कोट म्हणजे एक डाग, कॉलर नाही, घडी नाही.
- खालचा टास्कबार अर्धा कापलेला, फोटोशॉपचा वरचा मेनू स्क्रीनच्या बाहेर.
- अक्षरं पुसट, कडेला लाल-निळी झालर, लाल शालूवरची बारीक जर लडबडलेली.
- केसांच्या भोवती आणि खांद्याच्या कडेनं पांढरी रेघ, जी फाइलमध्ये नाहीच.
- माऊस मागून ओढत येतोय.
- बसून एक रंग, उठून उभारलं की दुसरा.
- मधेच स्क्रीन काळा होऊन दोन सेकंदानं परत.

आता ह्यातलं काहीबी दिसलं तरी पहिलं काम एकच, फोटोला हात लावू नका. टीव्ही थंड निळसर दाखवतोय म्हणून तुम्ही फोटोत पिवळा वाढवला, टीव्ही जास्त उजळ आहे म्हणून एक्स्पोजर कमी केलं, तर बिघाड टीव्हीतनं उठून फाइलमध्ये जाऊन बसला. मग टीव्ही दुरुस्त केला तरी फाइल वाकडीच. आणि एका चुकीवर दुसरी चूक चढली की कुठली कुठनं आली हे शोधायला लई वेळ जातोय. म्हणूनच खालचा क्रम मोडू नका, वरचं नीट झाल्याशिवाय खालचं तपासण्यात अर्थ नाही.

अजून एक. मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवत्यात, "बघा की अण्णा कलर कसा दिसालाय". स्क्रीनशॉटमध्ये हा बिघाड येतच नाही. स्क्रीनशॉट कॉम्प्युटरच्या आतला असतोय आणि बिघाड केबलमध्ये नाहीतर टीव्हीत. खरं ह्याचाच फायदा घ्या, तोच स्क्रीनशॉट एखाद्या बऱ्या मोबाइलवर उघडा. मोबाइलवर ठीक दिसला म्हणजे फाइल बरोबर, टीव्ही खोटं बोलतोय. मोबाइलवरबी तसाच भडक दिसला तर फाइलच बिघडलीय. मोबाइलमध्येबी स्क्रीनचा मोड व्हिव्हिड असतोय, तो नॅचरल करून मग बघा.

टेस्टची एक फाइल करून ठेवा

पाच मिनिटाचं काम आहे आणि पुढं सगळीकडं लागणार. फोटोशॉपमध्ये एसआरजीबीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, नवीन फाइल घ्या. डावीकडं पूर्ण काळा भरा, आणि त्यावर आरजीबी (लाल, हिरवा, निळा) तिन्ही ५, मग १०, मग १५, २०, २५ असे चौकोन काढा. उजवीकडं पूर्ण पांढरा, त्यावर २५०, २४५, २४०, २३५ चे चौकोन. खाली एका पट्टीत एक पिक्सेल काळी रेघ, एक पिक्सेल पांढरी, परत काळी असं भरून घ्या, आणि शेजारी निळ्यावर लाल रंगात एक पिक्सेल जाडीच्या रेघा. कोपऱ्यात स्वतःचा एखादा हळदीचा फोटो टाका, ज्याचा प्रिंट तुमच्याकडं आहे आणि जो बरोबर आलाय. हा प्रिंट जपून ठेवा, तो नसला तर सगळं अंदाजानं.

ही फाइल कायम १०० टक्के झूमवर बघायची. फिट टू स्क्रीन केलं की रेघांना काही अर्थ राहत नाही.

१. फुकटातलं आधी

विंडोजचा नाइट लाइट चालू आहे का बघा. हसू नका, रात्री बसून काम करणारे तो लावत्यात आणि विसरत्यात, सगळं पिवळं. मग डिस्प्ले सेटिंगमधलं एचडीआर, म्हणजे जास्त उजेडाच्या पिक्चरसाठीचा मोड. टीव्ही एचडीआरचा आहे म्हणून कुणीतरी ते चालू केलेलं असतंय, खरं साधे फोटो आणि डेस्कटॉप एचडीआर मोडमध्ये फिकट नाहीतर विचित्र दिसत्यात. फोटोच्या कामाला बंद. विंडोज ११ मध्ये विंडोज, ऑल्ट आणि बी एकदम दाबलं की चालू-बंद होतंय, पोरं गेम खेळायला बसली की हे बटण चुकून दाबलं जातंय.

टीव्हीत इको मोड, एनर्जी सेव्हिंग, ॲम्बियंट लाइट सेन्सर असं जे काही असेल ते बंद. हे खोलीतल्या उजेडावरनं पडद्याचा उजेड आपोआप वरखाली करत्यात. सकाळी खिडकी उघडी असताना एडिट केलेला फोटो आणि रात्री ट्यूबच्या उजेडात केलेला फोटो, दोन्ही वेगळे निघणार आणि तुम्ही लॅबला शिव्या देणार.

मेनू कन्नडमध्ये असेल तर एवढ्या कामापुरती भाषा इंग्रजी करून घ्या. फोनवर मी शार्पनेस म्हणणार आणि तुम्ही शोधत बसणार.

२. टीव्हीचा मोड आणि बॅकलाइट, इथंच निम्मी दुखणी संपत्यात

टीव्ही बनवताना तो दुकानातल्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा असा बनवलेला असतोय. व्हिव्हिड, डायनॅमिक हे मोड त्यासाठीच. त्यात रंग फुगवलेले, पांढरा निळसर केलेला, कडा धारदार केलेल्या. क्रिकेट बघायला बरं वाटतंय, फोटोला विष.

मोड मूव्ही, सिनेमा, फिल्ममेकर किंवा असेल तर पीसी, ग्राफिक्स असा घ्या. कलर टेंपरेचर वॉर्म. पहिल्या दिवशी पिवळट वाटणार, सगळ्यांना वाटतंय, कारण डोळा निळ्याला सरावलेला असतोय. दोन दिवस थांबा. एसआरजीबीचा पांढरा ६५०० केल्विनच्या आसपासचा धरलेला आहे आणि टीव्हीचा कूल मोड त्याच्या बराच वर जातोय. त्या निळ्या पडद्यावर चेहरा नीट दिसेस्तोवर तुम्ही पिवळा ओतता आणि अल्बममध्ये सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यागत येतंय.

मग डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन, ब्लॅक एन्हान्सर, लोकल डिमिंग, स्किन टोन, मोशन स्मूदिंग जे जे दिसेल ते बंद नाहीतर कमीत कमी. लोकल डिमिंग काही टीव्हीत पूर्ण बंद होत नाही, तिथं लो ठेवा. शार्पनेस सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलमध्ये शून्यावर आणावा लागतोय, खरं सोनीत ५० हा मधला आकडा म्हणजे काही न करणं, तिथं शून्य केला तर उलट पुसट होतंय. म्हणून आकड्यावर जाऊ नका, निळ्यावरच्या लाल रेघा आणि काळी अक्षरं बघत कमी करत या, भोवतीची पांढरी रेघ गेली की थांबा. केसांभोवतीची ती रेघ ह्यानंच येत होती. कुणीतरी ती रेघ क्लोन स्टॅम्पनं पुसत बसलेला मी बघितलाय, फाइलमध्ये नसलेली रेघ.

आता बॅकलाइट, म्हणजे काळ्या अल्बमचं मूळ. शहापुरातल्या एका स्टुडिओवाल्यानं ह्याच कारणावरनं लॅब बदलली होती. तिथं पोरगा कॅमेरा बघतोय, एडिटिंग त्याचे काका, आणि काकांचं म्हणणं एकच, लॅबवाला शाई वाचवतोय. दुसऱ्या लॅबचा अल्बमबी तसाच काळा, तिथला पोरगा फोनवर म्हणाला, "सर, निम्म फाइले डार्क इदे", म्हणजे तुमची फाइलच काळपट आहे. टीव्ही व्हिव्हिडवर, बॅकलाइट पूर्ण वर, खोलीत पडदे ओढलेले. अंधारात एवढा उजेड डोळ्यावर मारल्यावर कुठलाबी फोटो जास्तच उजळ वाटणार, म्हणजे माणूस तो खाली ओढणारच. आम्ही अल्बमचं एक पान टीव्हीच्या शेजारी ट्यूबच्या उजेडात धरलं, टीव्हीवर कोरी पांढरी फाइल उघडली आणि बॅकलाइट खाली आणत गेलो, कागदाचा पांढरा आणि पडद्याचा पांढरा सारखा वाटेस्तोवर. शंभरवरनं जवळपास वीसवर आलं. काका म्हणाले, "एवढं मंद? डोळं फुटतील". मग त्यांचाच फोटो उघडून दाखवला, तो टीव्हीवर अल्बमसारखाच काळा दिसत होता. लॅबचा काही संबंध नव्हता.

प्रिंटसाठी एडिट करताना पडद्याचा पांढरा साधारण ८० ते १२० कँडेला दर चौरस मीटर ठेवत्यात. मोजायचं यंत्र नसलं तर वरची कागदाची युक्ती पुष्कळ. एक लक्षात ठेवा, उजेड कमी करायचा तो बॅकलाइटनं. ब्राइटनेस नावाचं जे बटण आहे ते बऱ्याच टीव्हीत काळ्याची पातळी हलवतंय, त्यानं कोटाची घडी जातेय. काही नव्या टीव्हीत मात्र ब्राइटनेस म्हणजेच बॅकलाइट, तेव्हा बटण हलवून टेस्ट फाइलमधले काळे चौकोन बघा. चौकोन गायब व्हायला लागले तर ते बटण नव्हे.

३. कडा कापल्यात

ह्याला ओव्हरस्कॅन म्हणत्यात, जुन्या डबा टीव्हीच्या काळापासनं चालत आलंय. चित्र थोडं मोठं करून कडा बाहेर ढकलायच्या. टास्कबार कापला जाणं हा छोटा त्रास, मोठा त्रास वेगळाच, चित्र ताणल्यामुळं एकबी पिक्सेल आपल्या जागेवर राहत नाही, सगळं हलकं पुसट होतंय आणि तुम्ही फोटो शार्प करत बसता.

सॅमसंगमध्ये पिक्चर साइजमध्ये फिट टू स्क्रीन नाहीतर स्क्रीन फिट, एलजीत जस्ट स्कॅन, सोनीत डिस्प्ले एरिया फुल पिक्सेल, बाकीच्यांत डॉट बाय डॉट नाहीतर ओरिजिनल असं काहीतरी मिळतंय. ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमधनं चित्र छोटं करून कडा आत आणू नका. कडा दिसत्यात खरं, पण चित्र एकदा कार्डानं आक्रसलं आणि परत टीव्हीनं ताणलं, दोनदा मार. दुरुस्ती टीव्हीतच करायची. झाल्यावर एक पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या रेघा बघा, सगळीकडं एकसारखा राखाडी दिसला पाहिजे. मधे मधे जाड पट्टे, लाटा दिसल्या तर अजून कुठंतरी ताणाताणी चाललीय.

४. इनपुटला पीसी नाव द्या

ऐकायला वेडेपणा वाटतोय. सॅमसंगमध्ये सोर्सच्या यादीत ज्या एचडीएमआयला कॉम्प्युटर जोडलाय त्याचं नाव बदलून पीसी करायचं, एलजीत त्या इनपुटचं चिन्ह पीसी करायचं. असं केलं की टीव्ही आतली बरीच प्रोसेसिंग सोडून देतोय आणि रंगाची पूर्ण माहिती दाखवायला लागतोय. सोनीत ग्राफिक्स मोड, नाहीतर गेम मोड. माऊस मागून येणं ह्यानंच बऱ्यापैकी कमी होतंय. नाव बदललं की मोडची सेटिंग परत पहिल्यासारखी होते, तेव्हा दोन नंबरचं सगळं एकदा परत करा.

५. टीव्ही खरोखर केवढा आहे

३२ इंची स्वस्त टीव्हीत हे हमखास. विंडोज म्हणतंय १९२० बाय १०८०, टीव्हीबी म्हणतोय १०८०, खरं आतला पॅनल १३६६ बाय ७६८ चा. एचडी रेडी लिहिलेले असत्यात ते हे. १०८० चा सिग्नल घेतोय आणि आत चेपून दाखवतोय. एक पिक्सेलच्या रेघा कुठल्याच सेटिंगला सरळ येत नसतील तर मॉडेल नंबर बघून पॅनलचं रेझोल्यूशन शोधा. तसं निघालं तर पुढं काही करू नका, ३२ इंचात इंचाला ४९ च्या आसपास पिक्सेल म्हणजे रिटच करायला कामाचा नाही. गिऱ्हाईकाला दाखवायला ठेवा. ४३ इंची फुल एचडी पण ५१ च्या घरातच येतोय. तोच ४३ इंची ४के असेल तर १०२, हा बरा, २४ इंची साध्या मॉनिटरपेक्षा थोडा वरच.

फ्लेक्सवाल्यांनी हे मनाला लावून घेऊ नये. वाढदिवसाचा नाहीतर गणपतीचा बॅनर चौकात लांबनं बघायचा असतोय, तिथं ह्यातलं निम्मं लागत नाही.

विंडोजमध्ये रेझोल्यूशन पॅनलएवढंच ठेवायचं आणि अक्षरं बारीक वाटली तर स्केलिंग वाढवायचं, रेझोल्यूशन कमी करायचं नाही.

६. काळा राखाडी किंवा काळा गिळलेला

व्हिडिओच्या दुनियेत काळा १६ ला आणि पांढरा २३५ ला धरायची रीत आहे, कॉम्प्युटरात काळा शून्य आणि पांढरा २५५. कार्डला वाटलं समोर टीव्ही आहे की ते १६ ते २३५ पाठवतंय, त्याला लिमिटेड म्हणत्यात. टीव्ही जर फुल धरून बसला तर १६ चा काळा त्याला राखाडी वाटणार आणि पांढरा मळका, म्हणजे सगळ्यावर धुकं. उलट कार्ड फुल पाठवतंय आणि टीव्ही लिमिटेड धरून बसलाय तर ५, १०, १५ चे चौकोन काळ्यात गडप आणि २४०, २४५, २५० पांढऱ्यात गडप. कोटाची घडी आणि नवरीच्या पांढऱ्या मोगऱ्यातलं बारीकपण दोन्ही एकदम गेलं तर समजा हेच.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये चेंज रेझोल्यूशनच्या पानावर खाली आउटपुट डायनॅमिक रेंज आहे, ते फुल करा, आणि आउटपुट कलर फॉरमॅट आरजीबी. वरच्या यादीत अल्ट्रा एचडी, एचडी, एसडी असा एक भाग असतोय आणि खाली पीसी असा दुसरा, रेझोल्यूशन पीसीच्या भागातनं निवडा. एएमडीत पिक्सेल फॉरमॅट आरजीबी ४:४:४ फुल, इंटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वांटायझेशन रेंज फुल. मग टीव्हीत सॅमसंगला एचडीएमआय ब्लॅक लेव्हल नॉर्मल, एलजीत ब्लॅक लेव्हल, सोनीत डायनॅमिक रेंज असं काही मिळतंय, ते बदलून चौकोन बघायचे. १० चा चौकोन दिसला पाहिजे, ५ चा जेमतेम. दोघांनी एकच धरलं की भांडण मिटलं.

हे परत परत बिघडतंय ह्याचं कारण पण इथंच आहे. विंडोजचं मोठं अपडेट आलं, ड्रायव्हर नवा बसला, की कार्ड गुपचूप परत लिमिटेडवर. टीव्हीची सेटिंग प्रत्येक पोर्टला वेगळी असते, केबल एचडीएमआय १ मधनं काढून २ मध्ये लावली की सगळं नव्यानं. आणि आयपीएल चालू झालं की रात्री दुकानात मॅच बघणारी पोरं मोड बदलत्यातच. म्हणून सगळं नीट बसलं की टीव्हीच्या मेनूचं एकेक पान आणि ग्राफिक्सचं पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि महत्त्वाचा अल्बम सुरू करायच्या आधी टेस्ट फाइल उघडून बघा.

७. झालर, लडबडलेली जर: रंग कमी पोचतोय

टीव्हीला व्हिडिओची सवय, आणि व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची पाठवत्यात, रंगाची नाही. ४:२:० मध्ये चार पिक्सेलला मिळून रंग एकच, चार घरात एक नळ असल्यागत. पिक्चर बघताना कळत नाही, खरं लाल शालूवरची सोनेरी जर, हिरव्या चुड्याची कड, निळ्यावरची लाल अक्षरं लगेच लडबडत्यात. फोटोला ४:४:४ पाहिजे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग.

४के ला ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) ४:४:४ पाठवायचं तर सेकंदाला जवळपास १८ गिगाबिट लागत्यात. २००९ चं एचडीएमआय १.४ हे १०.२ वर थांबतंय, २०१३ च्या २.० नं १८ केलं. म्हणजे लॅपटॉप जुना असेल तर किती नवी केबल घेतली तरी ४के ३० हर्ट्झच मिळणार नाहीतर रंग कापला जाणार. त्यातलं एक निवडायचं तर मी फोटोच्या कामाला ३० हर्ट्झ आणि पूर्ण रंग घेतो. माऊस जडच चालतोय, सवय होते.

लॅपटॉप नवा असून ३० च्या वर जात नाही? मधला डोंगल बघा. स्वस्तातले यूएसबी सी हब बहुतेक ४के ३० वाले असत्यात, डिस्प्लेपोर्टचे साधे कनेक्टर पण तसेच. शक्य असेल तर मधे काही न घालता सरळ एचडीएमआय ते एचडीएमआय. टीव्हीकडनं सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट एन्हान्स्ड, हे त्या पोर्टला चालू करावं लागतंय. आणि काही टीव्हीत सगळे पोर्ट सारखे नसत्यात, दुसऱ्यात लावून बघा.

मधेच काळा होऊन परत येणं हे केबलचं काम. भिंतीतनं दहा मीटर फिरवून आणलेली केबल ४के ला टिकत नाही. कुणाकडनं तरी दोन मीटरची बरी केबल मागून आणा आणि तपासा, विकत घ्यायच्या आधी. खानापूर, जांबोटीकडं पावसाळ्यात ओल एवढी असते की पोर्टच्या पत्र्यावर गंज येतोय, तिथं आधी दोन्हीकडचं पॉवर बंद करून केबल काढून घालून बघा.

८. फोटोशॉपमध्ये एक रंग, बाहेर दुसरा

फोटो व्ह्यूअरमध्ये पांढरा पिवळट आणि ब्राउझरमध्ये ठीक, असं असेल तर टीव्हीच्या नावानं विंडोजनं चुकीचं प्रोफाइल, म्हणजे पडदा रंग कसे दाखवतोय हे सांगणारी फाइल, लावलंय. कंट्रोल पॅनलमधलं कलर मॅनेजमेंट उघडा, डिव्हाइसमध्ये टीव्ही निवडा, माझी सेटिंग वापरा वर टिक करा, एसआरजीबीचं प्रोफाइल घालून डिफॉल्ट करा आणि फोटोशॉप बंद करून परत उघडा. एवढंच.

९. बसायची जागा

४३ इंची टीव्ही जवळपास तीन फूट रुंद. दोन फुटावर बसलात तर कडा तुम्हाला ३८ अंशातनं तिरक्या दिसत्यात. पॅनल व्हीए जातीचा असेल तर तेवढ्या तिरकेपणानं रंग फिके पडत्यात आणि काळं उजळतंय, म्हणजे त्याच फोटोत मधला चेहरा एक आणि कडेचा दुसरा. कुठल्याच सेटिंगनं हे जात नाही. मागं सरका, आणि ज्या फोटोवर काम करताय तो मधे ठेवून टूलच्या पट्ट्या कडेला टाका. आयपीएस पॅनल असेल तर हा त्रास बराच कमी. ओएलईडी असेल तर मात्र पट्ट्या दिवसभर एकाच जागी ठेवू नका, छाप उमटतोय, शिवाय पांढरा मोठा झाला की तो पडदा आपोआप मंद होतोय.

खिडकीचा उजेड पडद्यावर पडू देऊ नका, मागची भिंत भगवी-हिरवी नको, आणि ट्यूब एकच ठेवा.

१०. यंत्र

एवढं करूनबी प्रिंट जुळत नसेल तर स्पायडर किंवा कॅलिब्राइटसारखं पडद्यावर टांगून रंग मोजायचं यंत्र. स्वस्त नाही. दोन-चार स्टुडिओवाल्यांनी मिळून घेतलं तर परवडतंय, कारण रोज लागत नाही. खरं वरचं सगळं करायच्या आधी यंत्र लावू नका, व्हिव्हिड मोडवर काढलेलं प्रोफाइल कुणी मोड बदलला की कचरा. यंत्र कुणाला वापरता येत नसेल तर कॅलिब्रेशन करणाऱ्याला बोलवा, आणि लॅबकडं त्यांचं प्रोफाइल मागा. देत नसतील तर टेस्ट फाइलचा एक छोटा प्रिंट मागवा, तोच जुळवायला धरा.

इथं हात थांबवा

टीव्हीच्या नाहीतर सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सगळं बंद करून आधी इलेक्ट्रिशियन. अर्थिंग नाही नाहीतर तुटलंय. अशात डिशची वायर टीव्हीला, एचडीएमआय कॉम्प्युटरला, म्हणजे दोन्हीकडनं वेगवेगळं व्होल्टेज एकाच पोर्टवर, आणि चालू लाइटवर केबल काढली-घातली की पोर्ट उडतोय. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की डिशची वायर आणि पॉवर दोन्ही काढून ठेवा, त्या दिवसांत उडालेल्या पोर्टाचे फोन सगळ्यात जास्त येत्यात.

उभ्या रेघा, अर्धा पडदा अंधारा, एका बाजूला जांभळी-निळी झाक, जळका वास, ह्यात सेटिंगचा काही संबंध नाही. जांभळी झाक म्हणजे मागच्या बॅकलाइटचे एलईडी खराब झालेत, रंगाची बटणं फिरवून ते झाकू नका. टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका, पिन काढली तरी पॉवर बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये करंट राहतोय, आणि वॉरंटी असेल तर ती पण जाते. पॅनलच गेलाय असं मेकॅनिक म्हणाला तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातोय, तेव्हा त्या पैशात २४ इंची आयपीएस मॉनिटर घ्या.

मेकॅनिकला फोन करताना नुस्तं "टीव्ही खराब झालाय" म्हणू नका. मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर, दुसऱ्या पोर्टवर आणि दुसऱ्या केबलवर काय दिसलं, टीव्हीच्या स्वतःच्या मेनूवर पण ती रेघ किंवा झाक येतेय का, आणि मोबाइलनं समोरून काढलेला पडद्याचा फोटो, एवढं पाठवा. मेनूवर पण दिसत असेल तर बिघाड टीव्हीत, मेनू स्वच्छ असेल तर केबल, पोर्ट नाहीतर कॉम्प्युटर, म्हणजे येताना कुठलं सामान आणायचं हे त्याला आधीच कळतंय आणि निपाणीवरनं दोनदा फेरी पडत नाही.